फोनचा कीपॅड आणि नंबराचे सुरुवातीचे आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीपॅडवरची बारा बटणं आणि मोबाइल नंबराचे पहिले दोन-चार आकडे याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. फोन नंबर म्हणजे कॉल कुठे न्यायचा याचा पत्ता, आणि दूरसंचार यंत्रणा तो डावीकडून उजवीकडे वाचत जाते. त्या पत्त्यावर आज कोण राहतं, हे मात्र नंबर सांगत नाही. नंबरावरून होणारी बरीच फसवणूक या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच होते.

कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वरच्या ओळीत असतात, मग फोनवर १-२-३ वर का?

दोघांची घराणी वेगळी. कॅल्क्युलेटरची मांडणी जुन्या यांत्रिक बेरीज-यंत्रांकडून आली. तिथे लहान आकडे खाली आणि मोठे वर असत. फोनची मांडणी मात्र माणसांवर चाचण्या घेऊन ठरवली गेली. १९५५ मध्ये मेरी लुट्झ आणि अल्फॉन्स चापानिस या संशोधकांनी लोकांना विचारलं, की दहा बटणं दिली तर कोणता आकडा कुठे असावा असं तुम्हाला वाटतं? बहुतेकांनी आकडे वाचण्याच्या क्रमाने लावले, म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. पुढे अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधनाच्या प्रयोगशाळेत आर. एल. डेनिंजर यांनी सोळा वेगवेगळ्या मांडण्या तपासल्या आणि १९६० मध्ये त्यावरचा अहवाल छापला. त्यात पाच-पाच बटणांच्या दोन ओळी होत्या, जुन्या डायलसारखं वर्तुळ होतं, कॅल्क्युलेटरचीही मांडणी होती. चांगल्या मांडण्यांमध्ये वेगाचा फरक थोडाच निघाला. तरीही तीन बाय तीनचा चौकोन आणि खाली मध्यभागी शून्य ही मांडणी लोकांना सोयीची वाटली, बनवायलाही सुटसुटीत होती, आणि तीच टिकली.

लाखो लोकांच्या बोटाखाली येणारी वस्तू अशी विचारून-तपासून ठरवली गेली, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

बटणांचा फोन पहिल्यांदा कधी आला?

१८ नोव्हेंबर १९६३ रोजी, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग इथे. त्यावर दहाच बटणं होती. स्टार आणि हॅश १९६८ मध्ये आले.

मग स्टार आणि हॅश कशासाठी घातले?

फोनवरून संगणकाशी बोलता यावं म्हणून. नुसत्या आकड्यांनी यंत्राला ‘माझं टाइप करून झालं’ किंवा ‘आता आज्ञा येते आहे’ असं सांगता येत नाही. त्यासाठी आकडा नसलेली खूण लागते. आजही खाते क्रमांक टाकून झाल्यावर ‘हॅश दाबा’ असं सांगतात ते याचसाठी.

फार कमी लोकांना माहीत असतं, पण मूळ आराखड्यात आणखी एक उभी रांग होती, ए, बी, सी आणि डी या चार बटणांची. अमेरिकी लष्कराच्या ऑटोव्हॉन नावाच्या फोनजाळ्यात ती वापरली जात. कॉल किती तातडीचा आहे ते या बटणांनी ठरायचं, आणि वरच्या दर्जाच्या कॉलसाठी खालच्या दर्जाचा चालू कॉल तोडता यायचा. घरगुती फोनवर ही रांग कधी आलीच नाही.

बटण दाबल्यावर येणारा तो आवाज नेमका काय असतो?

एकाच वेळी वाजणारे दोन सूर. कीपॅडच्या प्रत्येक आडव्या ओळीला एक सूर दिलेला आहे आणि प्रत्येक उभ्या रांगेला एक. आडव्या ओळींचे सूर वरून खाली ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं). उभ्या रांगांचे डावीकडून १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ. (ती लष्करी चौथी रांग १६३३ ची.)

आता ५ घ्या. तो दुसऱ्या ओळीत आणि मधल्या रांगेत आहे, म्हणून ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे सूर एकत्र वाजतात. त्याच ओळीतला ४ दाबलात तर ७७० तसाच राहतो, फक्त दुसरा सूर १२०९ वर उतरतो. शांत जागी ४, ५, ६ असे ओळीने दाबून पाहा. खालचा सूर जागेवरून हलत नाही आणि वरचा पायरी-पायरीने चढतो, हे कान देऊन ऐकलं तर कळतं.

एकच सूर का नाही? कारण माणसाचा आवाज, गाणं, शिट्टी यांत एखादा सूर योगायोगाने जुळू शकतो, आणि मग बोलता बोलताच आकडा ‘दाबला’ गेला असता. दोन वेगळ्या गटांतले ठरावीक सूर एकाच वेळी, सारख्याच जोराने लागणं फार दुर्मीळ. आकडेही विचारपूर्वक निवडले आहेत: एक सूर दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट येत नाही आणि दोन सुरांची बेरीज किंवा वजाबाकी तिसऱ्यावर जाऊन पडत नाही. म्हणून खरखरणाऱ्या लाइनवरही यंत्र आकडा बिनचूक ओळखतं.

याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. जे यंत्राला ऐकू येतं ते रेकॉर्डिंगलाही ऐकू येतं. कॉल चालू असताना दाबलेला पिन स्पीकरवर वाजला आणि कोणी तो रेकॉर्ड केला, तर सुरांवरून आकडे परत काढता येतात. पिन टाकताना स्पीकर बंद ठेवा.

मोबाइलवरून नंबर लावतानाही हेच सूर जातात का?

नाही. लँडलाइनवर तुम्ही एकेक आकडा दाबता तसा एक्स्चेंज, म्हणजे कॉल जोडणारं केंद्र, तो लगेच ऐकत असतं. मोबाइलवर पूर्ण नंबर आधी पडद्यावर तयार होतो आणि हिरवं बटण दाबलं की एका संदेशासारखा एकदम नेटवर्ककडे जातो. नंबर टाइप करताना ऐकू येणारा आवाज फक्त तुमच्यासाठी. तो बंद केला तरी कॉल लागतो. कॉल जोडल्यानंतर ‘इंग्रजीसाठी दोन दाबा’ असं सांगितल्यावर तुम्ही जे दाबता, तिथे मात्र पलीकडच्या यंत्राला सूर लागतात. जीएसएम या पद्धतीच्या मोबाइल नेटवर्कमध्ये फोन ‘दोनचं बटण दाबलं’ एवढंच कळवतो आणि सूर नेटवर्कमध्ये तयार होतो.

यंत्राचा आवाज ‘एक दाबा’ म्हणतो, मी दाबतो, पण पुढे काहीच होत नाही. काय करावं?

पहिल्यांदा कॉल चालू असतानाच पडद्यावरचा कीपॅड उघडा आणि तिथलं बटण दाबा. कॉल मागे ढकलून दुसऱ्या स्क्रीनवर आकडे टाइप केले तर ते नव्या नंबरासारखे धरले जातात. बटण किंचित रेंगाळून सोडा. आजूबाजूला गोंगाट असेल तर माइक म्यूट करा. बहुतेक फोनवर बटणांचे संकेत तरीही जातात. लांबलचक क्रमांक टाकल्यावर यंत्र गप्प बसलं तर हॅश दाबून पाहा, ते बहुधा त्याचीच वाट पाहत असतं.

घरातल्या ज्येष्ठांना रोज असा एकच कॉल करावा लागत असेल, तर नंबर सेव्ह करतानाच पुढे स्वल्पविराम आणि मग पर्यायाचा आकडा घाला. स्वल्पविराम म्हणजे काही क्षण थांबणं. फोन नंबर लावतो, जोडला गेल्यावर थांबतो आणि आकडा स्वतःच दाबतो. एक स्वल्पविराम पुरला नाही तर दोन-तीन द्या. पिन किंवा पासवर्ड मात्र असा साठवू नका.

२ वर ए-बी-सी, ३ वर डी-ई-एफ अशी अक्षरं का असतात?

ती मोबाइलच्या कितीतरी आधीपासून, गोल डायलच्या काळापासून आहेत. तेव्हा मोठ्या शहरांत एक्स्चेंजला नावं होती. त्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं फिरवायची आणि पुढे आकडे. अक्षरं लक्षात राहायला सोपी म्हणून ही पद्धत होती. पण सगळीकडे एकच मांडणी नव्हती. ब्रिटनच्या डायलवर ओ हे अक्षर शून्यावर होतं, तर अमेरिकेच्या डायलवर ते ६ वर. क्यू आणि झेड अमेरिकेच्या डायलवर बहुधा नसतच. देशादेशांत थेट फोन लागू लागल्यावर हा गोंधळ खटकू लागला. आज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६१ या मानकात एकच मांडणी आहे. त्यात ७ आणि ९ वर चार-चार अक्षरं, २ ते ९ पैकी बाकीच्यांवर तीन-तीन.

अमेरिकेच्या डायलवर १ आणि ० रिकामे राहिले त्यालाही कारण आहे. ० ऑपरेटरसाठी राखलेला होता. १ ची अडचण वेगळी. जुन्या फोनमध्ये आकडा म्हणजे विजेचा प्रवाह तितक्या वेळा क्षणभर तुटणं. रिसीव्हर ठेवायचा खटका चुकून हलला, तरी एक झटका जायचा आणि तो १ धरला जायचा. म्हणून सुरुवातीच्या १ वर विसंबून राहत नसत, आणि त्यावर अक्षरंही दिली नाहीत.

याच अक्षरांवर जाहिरातीतले शब्द-नंबर चालतात. अमेरिकेत १-८०० नंतर ‘फ्लॉवर्स’ या इंग्रजी शब्दाची सात अक्षरं दाबली की ३५६९३७७ होतं. शब्द लक्षात राहिला की नंबर लक्षात राहिला.

या बटणांवर लोक मेसेज कसे टाइप करायचे?

एक बटण अनेकदा दाबून. एन साठी ६ दोनदा, ओ साठी ६ तीनदा. इंग्रजी ‘नो’ टाइप करताना दोन्ही अक्षरं एकाच बटणावर येतात, म्हणून मध्ये क्षणभर थांबावं लागायचं. मग टी-नाइन आलं. त्यात प्रत्येक अक्षराला बटण एकदाच दाबायचं आणि शब्द कोणता हे फोनने आपल्या शब्दसंग्रहावरून ओळखायचं. ४६६३ दाबलं की ‘गुड’, ‘होम’ आणि ‘गॉन’ हे तिन्ही इंग्रजी शब्द जुळतात. हवा तो पुढच्या बटणाने निवडायचा. आजच्या स्मार्टफोनचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, त्यामागेही असाच शब्दसंग्रहाच्या आधाराने केलेला अंदाज असतो.

५ वर बारीक उंचवटा का असतो?

न बघता बोट जागेवर यावं म्हणून. मधला ५ सापडला की बाकीचे आठ आकडे त्याच्या चहूबाजूंना मिळतात. दृष्टिहीन व्यक्तीसाठी हा ठिपका म्हणजे स्वतंत्रपणे फोन लावता येणं. काचेच्या पडद्याने तो हिरावून घेतला. घरात कोणाला दिसण्याचा त्रास असेल तर बटणांचा फोन किंवा आवाजाने नंबर लावायची सोय यांचा आधी विचार करा.

तातडीचे नंबर देशादेशांत वेगळे का?

इथे गोल डायलची आठवण अजून शिल्लक आहे. डायल फिरवल्यावर सेकंदाला साधारण दहा झटके जायचे. १ म्हणजे एक झटका आणि ० म्हणजे दहा. ब्रिटनने १९३७ मध्ये लंडनमध्ये ९९९ सुरू केला. १११ सोपा होता, पण वाऱ्याने तारा एकमेकींना टेकल्या तरी एक-एक झटके जाऊन खोटे कॉल लागायची भीती होती. न्यूझीलंडमध्ये डायलवरचे आकडे उलट्या क्रमाने होते, त्यामुळे तिथे १ फिरवलं की नऊ झटके जायचे. तिथला तातडीचा नंबर १११ आहे, आणि जुन्या यंत्राच्या दृष्टीने तो ब्रिटनच्या ९९९ सारखाच. अमेरिकेत ९११ वर पहिला कॉल १९६८ मध्ये अलाबामातल्या हेलीव्हिल गावात लागला. ११२ युरोपीय देशांनी १९९१ मध्ये सामाईक नंबर म्हणून स्वीकारला आणि तो जीएसएम मोबाइलच्या मानकातही आहे. म्हणून लॉक असलेल्या फोनवरूनही ११२ लावता येतो. भारतातही तातडीचा एकच नंबर ११२ आहे.

झटक्यांचा हिशेब शहरांच्या कोडमध्येही दिसतो. १९४७ मध्ये उत्तर अमेरिकेत कोड वाटले तेव्हा न्यूयॉर्कला २१२ मिळाला, म्हणजे अवघे पाच झटके. लॉस एंजलिसला २१३ आणि शिकागोला ३१२, सहा-सहा. जिथे फोन जास्त यायचे तिथला कोड फिरवायला कमी वेळ लागावा, असा विचार. पुढे अलास्काला ९०७ मिळाला. त्याचे होतात सव्वीस झटके.

नंबराच्या आधीचं अधिक चिन्ह काय सांगतं?

‘इथून पुढे देशाचा कोड आहे’ एवढंच. परदेशी फोन लावायला प्रत्येक देशाची वेगळी सुरुवात असते. बहुतेक ठिकाणी ००, अमेरिका-कॅनडात ०११, जपानमध्ये ०१०, ऑस्ट्रेलियात ००११. मोबाइलवर ही पाठांतरं लागत नाहीत. + दिलं की तुम्ही ज्या देशात आहात तिथली योग्य सुरुवात नेटवर्क स्वतः लावतं. बटणांच्या फोनवर ० दाबून धरलं की + येतं.

देशांचे कोड कसे वाटले, आणि कोड कुठे संपतो हे यंत्राला कसं कळतं?

जगाचे नऊ विभाग पाडले आहेत. १ उत्तर अमेरिका, २ मुख्यतः आफ्रिका, ३ आणि ४ युरोप, ५ लॅटिन अमेरिका, ६ आग्नेय आशिया आणि ओशनिया, ७ रशिया आणि कझाकस्तान, ८ पूर्व आशिया, ९ आशियाचा उरलेला भाग. १ आणि ७ हे एकटेच कोड आहेत. बाकीच्या विभागांत पुढे एक किंवा दोन आकडे जोडून देशाचा कोड होतो. पूर्ण नंबर, देशाचा कोड धरून, जास्तीत जास्त पंधरा आकडी. हा नियम ई.१६४ या मानकाचा.

खरी गंमत पुढे आहे. कोड कधी एक आकडी, कधी दोन, कधी तीन, आणि मध्ये कुठे रेघ नाही. तरी यंत्र चुकत नाही. समजा ९ आला, मग १. यंत्र इथेच थांबतं, कारण ९१ भारताला दिल्यावर ९१ ने सुरू होणारा तीन आकडी कोड कोणालाच दिलेला नाही. पण ९ नंतर ७ आला तर थांबता येत नाही, कारण नुसता ९७ कोणाचाच नाही. पुढे ७ आला तर नेपाळ, ५ आला तर भूतान, १ आला तर संयुक्त अरब अमिराती. ८ नंतर १ म्हणजे जपान, ६ म्हणजे चीन. पण ८८ पर्यंत आलात तर अजून एक आकडा लागतो, बांगलादेशाचा ८८० तसाच आहे. कोणताही कोड दुसऱ्या कोडची सुरुवात असता कामा नये, एवढ्या एका शिस्तीवर जगभरचे कॉल वाट शोधतात.

काही नंबर ० ने सुरू होतात. परदेशातून लावताना तो ० ठेवायचा की काढायचा?

बहुतेक देशांत काढायचा. तो ० देशांतर्गत वापरासाठी, ‘स्थानिक हद्दीबाहेर जायचं आहे’ हे सांगणारा. ब्रिटनमधला ०७ ने सुरू होणारा मोबाइल बाहेरून +४४ ७ असा लागतो. रशियात हेच काम ० ऐवजी ८ करतो. मोठा अपवाद इटलीचा: तिथल्या लँडलाइनचा ० नंबराचाच भाग आहे, त्यामुळे रोमचा नंबर +३९ ०६ असाच लावायचा. व्हिजिटिंग कार्डवर काही जण +४४ नंतर कंसात ० छापतात. ते टाळलेलं बरं, कारण लावणाऱ्याला कंस पाळायचा की नाही हे कळत नाही.

मोबाइलला वेगळे सुरुवातीचे आकडे का दिले?

दोन कारणांनी. लँडलाइनच्या नंबरातून शहर आणि एक्स्चेंज कळतं, म्हणजे कॉल एका ठरलेल्या जागी न्यायचा असतो. मोबाइल जागेवर नसतो. आधी तो आत्ता कुठे आहे हे विचारावं लागतं, आणि त्यासाठी नंबर मोबाइलचा आहे हे यंत्राला सुरुवातीलाच कळलेलं बरं. दुसरं कारण पैशांचं. बहुतेक देशांत कॉलचे पैसे लावणाऱ्याकडून घेतले जात आणि मोबाइलवर लावणं महाग असे, म्हणून लावणाऱ्याला आधी कळणं न्यायाचं होतं.

फ्रान्समध्ये मोबाइल ०६ आणि ०७ ने सुरू होतात, जर्मनीत ०१५, ०१६, ०१७ ने, ऑस्ट्रेलियात ०४ ने, पाकिस्तानात ०३ ने, बांगलादेशात ०१ ने, जपानमध्ये ०७०, ०८०, ०९० ने. इटलीत ३ ने, आधी ० नाही. भारतात दहा आकडी आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. अमेरिका आणि कॅनडात मोबाइल वापरणाऱ्याच्या माथीच आलेल्या कॉलच्या मिनिटांचाही खर्च पडत असे, म्हणून तिथे मोबाइलला वेगळी सुरुवात दिलीच नाही. नंबर पाहून मोबाइल की लँडलाइन हे तिथे कळत नाही.

दिसण्यावर जाऊ नये याचं चांगलं उदाहरण ब्रिटनचं. तिथे ०७७, ०७८, ०७९ मोबाइलचे, पण ०७० मोबाइलचा नाही. ते ‘पर्सनल नंबर’ असतात, दुसरीकडे वळवले जाणारे, आणि त्यांवर लावलेले कॉल पूर्वी फार महाग पडत.

एखादा नंबर उलगडून दाखवाल का?

+४४ ७७०० ९००१२३ घेऊ. ४ पाशी यंत्राला युरोपचा विभाग कळतो. दुसऱ्या ४ पाशी ब्रिटन, आणि देशाचा कोड इथे संपतो. पुढचा ७ म्हणजे मोबाइल गट. ७७०० ९०० या टप्प्यावर कळतं की हा गट कोणाला दिला आहे, आणि इथे उत्तर मिळतं: कोणालाच नाही. ०७७०० ९००००० ते ९००९९९ हे एक हजार नंबर ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने नाटक-मालिकांसाठी राखून ठेवले आहेत. पडद्यावर दिसलेला नंबर प्रेक्षक लावून पाहतात आणि त्रास कोणा तिऱ्हाइताला होतो, म्हणून ही सोय. उत्तर अमेरिकेत त्याचसाठी ५५५-०१०० ते ५५५-०१९९ राखलेले आहेत. माहितीपत्रकात, फॉर्मच्या नमुन्यात किंवा शिकवताना उदाहरण म्हणून नंबर लागला तर असेच राखीव नंबर वापरा. मनाने दहा आकडे लिहू नका, ते कोणाचे तरी असतातच.

पहिल्या चार-पाच आकड्यांवरून कंपनी ओळखता येते का?

नंबर मुळात कोणत्या कंपनीला दिला होता, एवढंच कळतं. आज तो कुठे आहे ते नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय सिंगापूरने १९९७ मध्ये सुरू केली, अमेरिकेत मोबाइलसाठी ती २००३ मध्ये आली आणि भारतभर २० जानेवारी २०११ पासून लागू झाली. तेव्हापासून कॉल लावला की आधी एका मोठ्या यादीत ‘हा नंबर सध्या कोणाकडे?’ असं पाहिलं जातं आणि मग कॉल पुढे जातो. हे इतकं झटपट होतं की आपल्याला जाणवत नाही. सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी सांगणारी संकेतस्थळं आणि अॅप जुन्या वाटपावर चालत असतील तर त्यांची माहिती हमखास शिळी असते.

निदान माणूस कुठे आहे ते तरी कळतं का?

तेही नाही. भारतात मोबाइलचे सुरुवातीचे आकडे एखाद्या दूरसंचार परिमंडळाला (दूरसंचार सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडले आहेत त्यांपैकी एकाला) दिलेले असतात, पण नंबर घेतल्यावर माणूस कुठेही राहायला जातो. २०१५ पासून परिमंडळ बदलूनही नंबर ठेवता येतो. कॉल पोहोचतो तो वेगळ्याच मार्गाने. तुमचा फोन ज्या टॉवरच्या हद्दीत असतो तिथून तो नेटवर्कला आपली हजेरी कळवत राहतो. कॉल आला की तुमच्या कंपनीच्या नोंदीतून ती ताजी जागा काढली जाते. परदेशात फिरताना नंबर तोच राहतो, तोही यामुळेच.

सिम हरवलं, नवं घेतलं, तरी नंबर जुनाच. नंबर सिममध्ये नसतो का?

सिमची खरी ओळख म्हणजे जास्तीत जास्त पंधरा आकड्यांचा एक वेगळा क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, पण ते +९१ वगैरे नव्हेत. भारतासाठी तिथे ४०४ किंवा ४०५ येतात. तुमचा फोन नंबर कंपनीच्या नोंदीत त्या क्रमांकाशी जोडलेला असतो. नवं सिम म्हणजे नवा क्रमांक, आणि जोडणी बदलली की झालं. याचाच दुसरा अर्थ, कोणी तुमच्या नावाने कंपनीला फसवून ही जोडणी स्वतःच्या सिमकडे वळवली तर तुमचे ओटीपी त्याला जातात. नेटवर्क कारण नसताना अचानक गेलं आणि बराच वेळ आलं नाही, तर ‘रेंज नसेल’ म्हणून बसू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच विचारा.

फोन यंत्राचा क्रमांक आणखी वेगळा. *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. तो कागदावर लिहून ठेवा. फोन चोरीला गेल्यावर तोच मागतात आणि तेव्हा फोन हातात नसतो.

जुना नंबर बंद केला तर त्याचं काय होतं?

ठरावीक काळ रिकामा ठेवून तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणून नंबर सोडण्याआधी बँक, ईमेल आणि सरकारी कागदपत्रं सगळीकडे नवा नोंदवा.

नंबर संपले तर?

हिशेब सोपा आहे. दहा आकडी नंबराचा पहिला आकडा ठरवला की उरलेल्या नऊ जागांत शंभर कोटी नंबर बसतात. प्रत्यक्षात सगळे वापरता येत नाहीत, कारण गट पाडून वाटावे लागतात आणि काही राखून ठेवावे लागतात. भारतात मोबाइल आधी ९ ने सुरू होत, मग ८, ७ आणि ६ उघडले गेले. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लावावा लागतो, त्यानेही नवे नंबर मोकळे करायला वाव मिळाला. ब्राझीलने दुसरा मार्ग घेतला. २०१२ मध्ये साओ पावलोपासून सुरू करून २०१६ पर्यंत देशभरच्या मोबाइल नंबरांपुढे ९ जोडला. लंडनचा कोड तर ०१ वरून १९९० मध्ये ०७१ आणि ०८१, १९९५ मध्ये ०१७१ आणि ०१८१, आणि २००० मध्ये ०२० असा तीनदा बदलला.

परदेशी नंबराचा मिस्ड कॉल आला. परत लावू?

ओळखीचा नसेल तर नको. एकदाच वाजवून तोडायचं आणि उत्सुकतेने माणूस परत फोन लावेल याची वाट पाहायची, ही जुनी फसवणूक आहे. परत लावलेला कॉल महाग दराचा असतो आणि त्यातला वाटा फसवणाऱ्याला मिळतो. +१ दिसलं म्हणजे अमेरिकाच असं धरू नका. कॅरिबियनमधले अनेक देश त्याच कोडखाली आहेत: +१ ८७६ जमैका, +१ ४७३ ग्रेनाडा, +१ ८०९ डोमिनिकन रिपब्लिक. +८८१ वर तर उपग्रह फोन असतात. खरंच कोणाला काम असेल तर तो मेसेज करेल.

पडद्यावर बँकेचाच नंबर दिसत होता. तरी फसवणूक कशी?

कारण पडद्यावर दिसणारा नंबर कॉल पाठवणाऱ्या यंत्रणेने सांगितलेला असतो, आणि तो खोटा सांगता येतो. सुरुवातीचे आकडे, कोड, नाव, सगळं हुबेहूब जुळू शकतं. खात्री करायचा एकच पक्का मार्ग: कॉल ठेवा आणि कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला नंबर स्वतः टाइप करून लावा. तुम्ही लावलेला कॉल पत्त्यावर जातो. तुम्हाला आलेल्या कॉलबद्दल तसं म्हणता येत नाही. समोरचा ‘फोन ठेवू नका’ म्हणून घाई करू लागला तर तेवढ्यावरूनच ओळखा.

कोणीतरी स्टार-हॅशचा कोड दाबायला सांगतंय. दाबू का?

तुम्ही स्वतः मदत मागितली नसेल तर अजिबात नको. *२१* नंतर एखादा नंबर आणि शेवटी # असं दाबलं की तुमचे सगळे कॉल त्या नंबरावर वळतात. मग आवाजी कॉलने येणारे ओटीपी दुसऱ्याच्या कानात जातात, आणि तुमचा फोन नेहमीसारखाच दिसत राहतो. ‘पार्सल अडकलंय’, ‘सिम बंद होणार आहे’ अशा बहाण्यांनी हे दाबून घेतात. म्हणूनच दूरसंचार विभागाने भारतात १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला सांगितली. जीएसएम पद्धतीच्या फोनवर *#२१# दाबून कॉल वळवलेले आहेत का ते पाहता येतं आणि ##००२# दाबून सगळी वळवणी रद्द करता येते. कोड चालला नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून पाहा.

नंबर सेव्ह करायची योग्य पद्धत कोणती?

+, देशाचा कोड, मग सुरुवातीचा ० काढून पूर्ण नंबर. असा सेव्ह केलेला नंबर कोणत्याही देशातून, कोणत्याही सिमवरून आणि मेसेजिंग अॅपमध्येही चालतो. परदेशातल्या माणसांचे नंबर अधूनमधून तपासा, कारण नियम बदलतात. मेक्सिकोच्या मोबाइलला बाहेरून लावताना +५२ नंतर १ लावावा लागे, तो २०१९ मध्ये काढून टाकला. अर्जेंटिनात मात्र मोबाइलसाठी +५४ नंतरचा ९ अजून लागतो.

कोणाला तोंडी सांगताना जोड्या करून सांगू नका. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, ‘सत्त्याऐंशी’ आणि ‘सत्त्याण्णव’ फोनवर ऐकताना सहज मिसळतात. एकेक आकडा सुटा सांगा, तीन-चार आकड्यांनंतर थांबा आणि समोरच्याकडून एकदा परत म्हणवून घ्या.